गटारीच्या बॅचला दर वर्षी विसाव्या दिवशी रक्ती हगवण: कारण कुठे सापडलं

लांजा तालुक्यात आमच्या घरामागच्या शेडमध्ये मी वर्षाला ब्रॉयलरच्या तीन बॅच घेते, प्रत्येकी साठ पिल्लांच्या. एक शिमग्याला तयार होते, एक गटारीला आणि एक डिसेंबरात. पक्षी जिवंत विकत नाही. घरीच कापून, साफ करून, थंड करून वाडीत आणि आजूबाजूच्या दोन गावांत देते. शिमग्याच्या आणि डिसेंबरच्या बॅचला कधी मोठं दुखणं आलं नाही. गटारीची बॅच मात्र २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं एकाच रोगाने मोडली. आधी ११ पिल्लं गेली, मग १४, मग ९. जी वाचली त्यांचं वजन चाळिसाव्या दिवशी दीड-पावणेदोन किलोच्या वर गेलं नाही. एरवी माझे पक्षी त्या वयात दोन किलोच्या पुढे असतात.

पिल्लं त्याच हॅचरीची, खाद्य त्याच दुकानातलं, शेड तीच, हात माझेच. म्हणून तीन वर्षं मी औषध बदलत राहिले, आणि तीच चूक होती. ज्यांच्याकडे पावसाळ्यातच हा त्रास होतो त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

दिसतं ते असं

अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी काही पिल्लं पिसं फुलवून, पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहतात. खाद्य उरायला लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये अंथरलेल्या भाताच्या तुसावर लाल डाग दिसतात, आणि संध्याकाळपर्यंत पहिलं पिल्लू जातं. त्यातली जाडजूड पिल्लंही वाचत नाहीत.

पण याच्याही आधीची एक खूण आहे. ती मला सासूबाईंनी दाखवली. २०२२ साली सतराव्या दिवशी त्या पाणी घालायला गेल्या आणि म्हणाल्या, "बघ गो, ह्यांचे पाय पांढरे पडले." मी लक्ष दिलं नाही, कारण पिल्लं खात होती, पळत होती. मक्याचं खाद्य खाणाऱ्या ब्रॉयलरचे पाय पिवळे असतात. आतडं बिघडलं की तो पिवळा रंग अंगात शोषला जात नाही आणि पाय, चोच फिक्या पडतात. रक्त दिसण्याआधीचे ते दोन दिवस फार मोलाचे असतात. आता मी चौदाव्या दिवसापासून रोज सकाळी आधी पाय बघते.

घाबरून जाण्याआधी एक खात्री करून घ्या. कोंबडीची प्रत्येक विष्ठा सारखी नसते. आठ-दहा वेळा साधी विष्ठा टाकल्यावर एकदा चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठा येते. ती नेहमीचीच असते. पांढऱ्या कागदावर ठेवून बोटाने पसरा. तपकिरी पसरली तर काळजी नको, लाल पसरली तर रक्त आहे. पांढरी पाण्यासारखी हगवण आणि त्यासोबत मरतूक असेल तर गंबोरो या विषाणूच्या रोगाची शंका घ्या. त्याचा इलाज आणि लसीकरण वेगळं आहे. शंका असेल तेव्हा ताजं मेलेलं पिल्लू तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. उन्हात सहा तास पडलेलं नेऊ नका, त्यातून काही कळत नाही.

विसावाच दिवस का

हे मला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू उघडून समजावलं, आणि सगळा उलगडा तिथे झाला. आतड्याच्या शेवटाकडे, लहान आतडं संपतं तिथे, दोन बंद तोंडाच्या पिशव्या असतात. त्या रक्ताने तटतटलेल्या होत्या. हा रोग म्हणजे कॉक्सिडिओसिस. तो जिवाणूचा नाही, विषाणूचाही नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या आवरणात वाढतो आणि ते फाडून बाहेर पडतो. त्याची बीजं विष्ठेतून तुसात पडतात. डॉक्टर त्यांना ऊसिस्ट म्हणतात, मी इथे बीजंच म्हणते.

पडलेलं बीज लगेच रोग देत नाही. त्याला ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतं. असं पिकलेलं बीज दुसऱ्या पिल्लाने टिपलं की सहा-सात दिवसांनी त्याच्या विष्ठेतून हजारोंनी नवी बीजं बाहेर पडतात. आता दिवस मोजा. चौथ्या-पाचव्या दिवशी एखाद्या पिल्लाने कोपऱ्यातली दोन-चार बीजं खाल्ली. त्याला काहीच झालं नाही. अकराव्या-बाराव्या दिवशी त्याने हजारो बीजं तुसात टाकली. तूस ओलं होतं म्हणून तेराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत ती पिकली आणि सगळ्यांनी भरपूर खाल्ली. खाल्ल्यापासून चार-पाच दिवसांनी रक्त येतं, म्हणजे अठरा ते वीस. ठरलेलं गणित आहे.

तूस कोरडं असेल तर बीजं असतात, पण फार थोडी पिकतात. पिल्लं थोडी-थोडी खातात आणि त्या थोड्यातूनच त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती येते. डिसेंबरच्या बॅचला हा परजीवी नसतो असं नाही. तो असतो, त्याला ओल नसते.

गटारी आषाढ अमावास्येला. २०२३ साली ती १७ जुलैला होती, २०२४ साली ४ ऑगस्टला. चाळीस दिवस मागे मोजलं की पिल्लं जूनमध्ये येतात, आणि दुसरा आठवडा नेमका मृगाच्या किंवा आर्द्राच्या पावसात सापडतो. त्या आठवड्यातच सगळं ठरतं. मी मात्र तीन वर्षं विसाव्या दिवसाकडे बघत होते.

ओल कुठून येत होती

मला वाटायचं, छप्पर गळत नाही म्हणजे शेड कोरडी आहे. तसं नव्हतं.

पहिली ओल खालून. आमची जमीन जांभ्याची, आणि शेडची जमीन म्हणजे चोपून सारवलेली माती. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडात पडायचं, तिथेच मुरायचं आणि आतून वर यायचं. भिंतीलगत तुसाचा वरचा थर कोरडा आणि खालचा थर काळा, घट्ट, पेंडीसारखा झालेला असायचा. वरून हात फिरवून कळत नाही. खालपर्यंत मूठ घालून तूस दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे. किंचित धरून लगेच सुटला तर ठीक. अजिबात धरला नाही तर फार कोरडं, धूळ होईल.

दुसरी ओल ड्रिंकरची. माझे उलटे ठेवायचे प्लॅस्टिकचे ड्रिंकर विटेवर होते आणि वीट पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत तीच. पिल्लं वाढली, ड्रिंकर तिथेच. ती त्यात चोच बुडवून पाणी उडवायची, काही तर चढून बसायची. ड्रिंकरभोवती हातभर वर्तुळ कायम ओलं. पिल्लं सर्वांत जास्त वेळ तिथेच असतात, तिथेच हगतात आणि तिथलेच दाणे टिपतात. रोगाची बाग मी स्वतः शिंपत होते.

तिसरी ओल पिल्लांचीच. पक्षी जेवढं खातो त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो. तीन आठवड्यांच्या साठ पिल्लांना दिवसाला बारा लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यातलं बहुतेक विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच येतं. पाऊस आला की मी ताडपत्र्या खालपासून वरपर्यंत बांधून टाकायचे, पिल्लांना गार लागू नये म्हणून. ती वाफ जाणार कुठे? सकाळी आत गेलं की डोळे चुरचुरायचे. डोळे चुरचुरणं म्हणजे अमोनिया, आणि अमोनिया म्हणजे तूस ओलं.

चौथी गोष्ट ओलीची नाही, पण तिच्याइतकीच महत्त्वाची, आणि ती माझ्या डोक्यात सर्वांत उशिरा आली. मागच्या बॅचचं तूस मी शेडच्या मागेच माडांच्या बुडात टाकत होते. पक्षी कापायची जागा शेडपासून दहा पावलांवर. आतडी, धुण्याचं पाणी सगळं त्याच उतारावरून जायचं. आमच्या गावठी कोंबड्या दिवसभर तिथेच उकरायच्या आणि संध्याकाळी शेडच्या दारात येऊन बसायच्या. मी त्याच चपला घालून आत-बाहेर करायचे. ही बीजं ओल्या मातीत महिनोन्महिने जिवंत राहतात. शिमग्याच्या बॅचने टाकलेलं बीज मी स्वतःच्या पायांनी गटारीच्या बॅचला पोचवत होते.

खाद्यातली चूक

तयार स्टार्टर खाद्यात, म्हणजे लहान पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात, बहुतेक वेळा या रोगाला आवर घालणारं औषध ठरलेल्या प्रमाणात मिसळलेलं असतं. पोत्यावर लिहिलेलं असतं, वाचा. पोत्यामागे पैसे वाचावेत म्हणून मी दुसऱ्या आठवड्यापासून त्यात घरची तांदळाची कणी मिसळत होते, कधी निम्मीसुद्धा. म्हणजे औषधही निम्मं झालं, आणि प्रोटीनही घटलं, नेमकं ज्या आठवड्यात परजीवी वाढत होता. कोरड्या दिवसांत हे खपून जात होतं. पावसात नाही. आता पंचवीस दिवसांपर्यंत स्टार्टरमध्ये एक दाणाही मिसळत नाही. पूर्ण घरचं खाद्य करणाऱ्यांनी हे आणखी लक्षात ठेवावं, कारण त्यांच्या खाद्यात असं औषध मुळीच नसतं. त्यांची सगळी मदार कोरड्या तुसावर आहे.

काय बदललं

सर्वांत मोठा खर्च कोब्याचा. २०२४ च्या उन्हाळ्यात जमीन दीड फूट उचलून सिमेंटचा कोबा केला, दाराकडे थोडा उतार ठेवून. वळचण तीन फूट पुढे काढली आणि चारी बाजूंनी चर मारला. हे ज्यांना लगेच जमणार नाही त्यांनी निदान वळचण आणि चर तरी करावा. एका दिवसाचं काम आहे, आणि निम्मी ओल तिथेच थांबते.

तूस आता एप्रिलमध्येच भातगिरणीतून आणते, दोन दिवस कडक उन्हात वाळवते आणि पोत्यांत भरून माळ्यावर ठेवते. जूनमध्ये मिळणारं तूस आधीच दमट असतं. आपण तांदूळ, सुकी मासळी, लाकडं यांची बेगमी करतो तशीच तुसाची करायची. साठ पिल्लांसाठी तीन-चार इंच थर आणि वर दोन-तीन पोती राखीव.

सातव्या दिवसानंतर उलटे ड्रिंकर काढून बादलीला निपल (चोच लावली की थेंब सोडणाऱ्या तोट्या) लावले, दहा-बारा पिल्लांमागे एक. उंची अशी की पिल्लाला मान वर ताणून प्यावं लागेल. दर तीन दिवसांनी दोरी वर घ्यायची. साधे ड्रिंकरच वापरायचे असतील तर त्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणा आणि खाली लाकडी चौकटीवर जाळी ठोका, म्हणजे सांडलेलं पाणी जाळीखाली जाईल आणि पिल्लांना तिथे टिपता येणार नाही.

तूस रोज सकाळी दाताळ्याने हलवते. आठव्या ते अठराव्या दिवसात एकही दिवस चुकवत नाही. ओला भाग सापडला की उचलून बाहेर आणि त्या जागी माळ्यावरचं कोरडं तूस. चुना आधी घालायचे तो आता पिल्लं येण्याआधी कोब्यावरच मारते. पिल्लं आत असताना ओल्या तुसात चुना मिसळला की अमोनिया एकदम उठतो. एका वर्षी त्याने पिल्लांचे डोळे सुजले होते.

ताडपत्री आता खालून बांधते, वर छपराखाली फूटभर जागा रात्रंदिवस उघडी. झापं तिरकी लावली की पाऊस आत येत नाही आणि वाफ वरून निघून जाते. पहिल्या दोन आठवड्यांत ऊब कमी पडेल असं वाटलं तर बल्ब वाढवा, हवा बंद करू नका.

आणि शेडच्या चपला वेगळ्या. त्या दाराच्या आतच राहतात. गावठी कोंबड्यांना त्या बाजूला जाळी. जुनं तूस आता शेडपासून लांब खड्ड्यात कुजतं.

दोन बॅचच्या मध्ये फिनाईल मारून शेड स्वच्छ झाली असं समजू नका. नेहमीच्या जंतुनाशकांना ही बीजं दाद देत नाहीत. त्यांना मारतं ते उष्णता आणि वाळणं. सगळं तूस काढून, कोबा खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून मग गॅसची फ्लेम गन कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायची, भिंतीच्या बुडात जास्त. ताडपत्र्या, तुसाची पोती आधी लांब न्या, आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. त्यानंतर निदान पंधरा दिवस शेड मोकळी.

रक्त दिसलंच तर

त्याच दिवशी औषध सुरू करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आजारी पिल्लू खात नाही पण पाणी पितं, म्हणून औषध पाण्यातून. आमच्या डॉक्टरांनी ॲम्प्रोलियम दिलं होतं. २० टक्क्यांची पूड असेल तर एका लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, आणि पुढे निम्म्या प्रमाणात आणखी काही दिवस. पूड वेगळ्या टक्क्यांची असेल तर हिशेब बदलतो, म्हणून पाकीट डॉक्टरांना दाखवूनच द्या. शेडमध्ये दुसरं पाणी ठेवायचं नाही. रोज ताजं मिसळायचं.

इथे मी २०२२ मध्ये मोठी चूक केली. पिल्लं अशक्त झाली म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक घातलं. ॲम्प्रोलियम काम करतं ते परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन. मी एका हाताने ते तोडत होते आणि दुसऱ्या हाताने पुरवत होते. त्या वर्षी सर्वांत जास्त, चौदा गेली. औषध चालू असताना बी-१ असलेलं काहीही देऊ नका. ए आणि के जीवनसत्त्व चालतं, के रक्तस्रावाला उपयोगी पडतं.

टोल्ट्राझ्युरिल नावाचं औषध प्रभावी आहे, पण ते दिल्यावर दोन आठवड्यांहून अधिक काळ तो पक्षी कापून खायचा नसतो. पंचविसाव्या दिवशी दिलं तर चाळिसाव्या दिवसाची गटारी हुकते. सल्फा औषधांनाही असा कालावधी आहे. लोक आपल्या हातून घेऊन आपल्या मुलाबाळांना खायला घालतात. त्यामुळे औषधाची तारीख मी वहीत लिहिते आणि पाकिटावरचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय सुरी उचलत नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

हळद, लसूण, ताक यांनी हा रोग थांबत नाही. मी तिन्ही करून बघितलं आहे.

कापताना बघायचं

माझं निदान पक्कं झालं ते शेवटी कापायच्या पाटावर. आदल्या रात्री खाद्य काढून आठ-दहा तास फक्त पाणी दिलं की आतडी रिकामी होतात आणि फाटली तरी मांसावर घाण पडत नाही. साठ अंशांच्या आसपास गरम पाण्यात मिनिटभर बुडवून पिसं काढायची. पाणी त्याहून तापलं तर कातडी फाटते. आतडी ओढताना हाताला बरंच कळतं. या रोगातून उठलेल्या पक्ष्याचं आतडं कच्च्या दोऱ्यासारखं तुटतं, म्हणून ते सावकाश, दोन बोटं आत घालून मोकळं करत काढावं. साफ झालेला पक्षी लगेच बर्फाच्या पाण्यात.

प्रत्येक बॅचमधल्या दहा-बारा पक्ष्यांच्या त्या दोन पिशव्या मी वेगळ्या सुरीने, वेगळ्या फळीवर चिरून बघते. पिशवीचा पडदा पातळ आणि आत तपकिरी लगदा असेल तर उत्तम. पडदा जाड, पांढुरका आणि आत पनीरसारखी घट्ट गाठ असेल तर त्या पक्ष्याला रोग होऊन गेला, मला कळलं नाही एवढंच. आकडा वहीत जातो. माणसाला कोंबडीचा हा परजीवी लागत नाही, पण आजारी दिसणारा पक्षी मी कधीच कापत नाही. आतडी आता शेडपासून आणि विहिरीपासून लांब, तीन फूट खोल खड्ड्यात, वर चुना आणि माती.

२०२४ च्या गटारीच्या बॅचमध्ये दोन पिल्लं गेली, दोन्ही पहिल्या आठवड्यात. २०२५ मध्येही दोनच, आणि रक्त दोन्ही वर्षी दिसलं नाही. २०२५ ला बारा पक्ष्यांच्या पिशव्या चिरल्या, सगळ्या स्वच्छ. मात्र त्यातल्या तिघांच्या पोटाजवळच्या आतड्यावर पांढऱ्या आडव्या रेघा होत्या, आणि तिघंही पावणेदोन किलोच्या आतले. डॉक्टर म्हणाले, ही याच परजीवीची दुसरी जात, वरच्या आतड्यात राहते, रक्त येत नाही पण वजन खाते, आणि गर्दीत वाढते. शेड दहा बाय दहाची आहे, तिथे साठ पक्षी शेवटच्या पंधरवड्यात दाटतात. पुढच्या जूनसाठी हॅचरीत पंचेचाळीसच पिल्लं सांगितली आहेत.